क्लाइन-गॉर्डनची वही: क्षितिजाजवळचं शून्य

तीन आठवडे एकाच जागी अडकलो होतो, परवा सुटलो.

काम तेच: श्वार्झशिल्ड (न फिरणाऱ्या, विद्युतभार नसलेल्या) कृष्णविवराभोवती शून्य स्पिनचं, वस्तुमान नसलेलं क्षेत्र कसं हलतं ते क्लाइन-गॉर्डन समीकरणावरून संगणकावर काढायचं. कोनातल्या आकाराचा क्रमांक एल = २. कोनाचा भाग वेगळा काढला की एका मितीतलं तरंग-समीकरण उरतं आणि आर = ३एमच्या आसपास माथा असलेली, तरंगांना अडवणारी पोटेन्शियलची टेकडी. (आर म्हणजे त्रिज्या, एम कृष्णविवराचं वस्तुमान; जी = सी = १ धरल्याने अंतर आणि काळही एममध्येच मोजतो.)

घोळ टॉर्टॉइज निर्देशकाचा, म्हणजे आरऐवजी वापरायच्या ताणलेल्या अंतराचा होता. त्यात क्षितिज (आर = २एम, जिथून काहीच परत येत नाही) उणे अनंताला जातं. ग्रिडच्या प्रत्येक बिंदूला त्यावरून आर उलटा काढावा लागतो. उणे ५०एमपर्यंत सगळं सुरळीत. उणे १००एमला मात्र आर आणि २एम यांच्यातला फरक १० च्या उणे २२ व्या घाताइतका उरतो, आणि डबल प्रिसिजनला (संगणकात संख्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीला) अंक जेमतेम सोळा. म्हणजे आर थेट २एम, न्यूटनच्या पद्धतीत (फेऱ्याफेऱ्यांनी उत्तर गाठायच्या) शून्याने भागाकार, आणि अख्ख्या आलेखात नॅन, म्हणजे ‘ही संख्याच नाही’.

शेवटी आर शोधणंच सोडलं. (आर/२एम − १) चा लॉग हेच चल घेतलं, त्याला वाय म्हणू. मग वाय + ई चा वाय-घात = टॉर्टॉइज/२एम − १. न्यूटन चार-पाच फेऱ्यांत थांबतो, वजाबाकीत अंक गळत नाहीत.

आता घंटानाद, म्हणजे स्पंद आदळल्यावर उमटणारी, विरत जाणारी कंपनं, स्वच्छ दिसतो. आवर्तन सुमारे १३एम, कोनीय वारंवारता (२π भागिले आवर्तन) ०.४८३/एम, माहीत असलेलं मूल्य ०.४८३६. कृष्णविवरावर सोडलेल्या स्पंदाची रुंदी आधी ८एम ठेवली होती, तेव्हा नाद जवळजवळ उमटलाच नाही. २एम केली आणि लगेच आला. १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वर यांनी गुरुत्वीय तरंगांचे स्पंद कृष्णविवरावर सोडले, तेव्हा त्यांनाही अरुंद स्पंदानेच नाद मिळाला होता. परवा रात्री बराच वेळ माझा आलेख नुसता बघत बसलो.

पण मला खरा आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला. ज्या घातांकाने माझा कोड मोडला, तो ई चा टॉर्टॉइज/२एम-घात, त्यातच क्षितिजाचं पृष्ठ-गुरुत्व (क्षितिजावरच्या ओढीचं माप) १/४एम दडलेलं आहे. त्याला २π ने भागलं की हॉकिंग तापमान, म्हणजे क्वांटम परिणामामुळे कृष्णविवर ज्या तापमानाने किरणं सोडतं ते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी ते एका केल्विनच्या दहा कोटी भागांपैकी सहा भागांच्या आसपास येतं. क्वांटम भाग अजून सुरूही केला नव्हता, आणि तो राउंडिंगच्या चुकीतून समोर आला.

शेपटी, म्हणजे नाद विरल्यावर उरणारा क्षीण भाग, अजून जमलेली नाही. ती काळाच्या उणे सातव्या घाताने उतरायला हवी, माझी त्याआधीच गोंगाटात बुडते. क्वाड प्रिसिजन (डबलच्या साधारण दुप्पट अंक) लावून बघतोय. ते झालं की प्रत्येक वारंवारतेला टेकडीपलीकडे किती तरंग जातो ते मोजायचं. हॉकिंग वर्णपटाला तोच गुणक लागतो.