उभ्या गाडीत गरम, धावत्या गाडीत थंड : हीटरच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

‘तपासले, तक्रार आढळली नाही’ हे वाक्य माझ्या गाडीच्या जॉब कार्डावर पंधरा दिवसांत दोनदा लिहिले गेले, आणि दोन्ही वेळा सर्व्हिस सेंटरमधून निघून द्रुतगती महामार्गाने मुलुंडला घरी पोहोचेपर्यंत हीटरमधून गार हवाच येत होती. दुरुस्ती होऊन आता बरेच दिवस झाले, तरी त्या वाक्याचा राग मनातून गेलेला नाही.

बिघाड लक्षात आला तो जानेवारीत, महाबळेश्वरहून परतताना. वेण्णा तलावाच्या काठावर त्या पहाटे गवतावरचे दव गोठले होते आणि मागच्या सीटवर माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई दोन शाली पांघरून बसली होती. पाचगणी मागे टाकून पसरणी घाट उतरू लागलो तेव्हा हीटरचे बटण पूर्ण लाल खुणेवर होते, पंखा जोरात चालू होता, तरी पायांवर येणारा झोत गारच होता. समोरची काच आतून सारखी धुरकट होत होती आणि टेम्परेचरचा काटा खालच्या रेघेवरून हलायला तयार नव्हता. वाईला चहासाठी थांबलो, आई गाडीतच बसली म्हणून इंजिन चालू ठेवले, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती म्हणाली, “अगं, आता येतेय बघ ऊब.” सगळ्या बिघाडाची किल्ली तिच्या त्या एका वाक्यात होती; मला ती कळायला महिना लागला.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न आला तो असा : “मॅडम, मुंबईत हीटर लागतो कुणाला?” मी शांतपणे सांगितले की जुलैच्या संततधारेत काचेवर आतून वाफ धरते तेव्हा एसीच्या जोडीला थोडी गरम हवा सोडली की काच सर्वांत लवकर स्वच्छ होते, आणि त्याशिवाय आईला घेऊन मी दर हिवाळ्यात घाटावर जाते. त्यांनी ते लिहून घेतले की नाही, मला माहीत नाही. पाच तास बाकावर बसल्यावर निरोप आला की हीटर उत्तम चालतो आहे. त्यांनी गाडी शेडमध्ये उभी ठेवून इंजिन चालू केले होते, वीस मिनिटांनी झरोक्याला हात लावला होता आणि हाताला गरम लागले होते. म्हणजे वाईला जे घडले तेच त्यांनी पुन्हा घडवले आणि त्यालाच तपासणी म्हटले.

दुसऱ्या वेळी मी स्पष्ट मागणी केली की गाडी महामार्गावर नेऊन ट्रायल घ्यावी, कारण तक्रार धावत्या गाडीतली आहे. ट्रायल घेणारा माणूस चारनंतर येईल असे सांगण्यात आले, म्हणून मी चारपर्यंत थांबले, मग साडेपाचपर्यंत थांबले. गाडी देताना मीटरवरचे किलोमीटर मी वहीत टिपून ठेवले होते. गाडी परत मिळाली तेव्हा मीटर एका किलोमीटरने पुढे गेलेला होता. सिग्नलपर्यंत जाऊन आलेल्या गाडीच्या कार्डावर पुन्हा तेच वाक्य होते आणि त्याखाली तपासणीचे शुल्क लावलेले होते. ज्यांना अशी वेळ येईल त्यांनी तक्रार कोणत्या वेगाला, किती मिनिटांनी आणि कोणत्या रस्त्यावर येते हे जॉब कार्डावर आपल्यासमोर लिहवून घ्यावे आणि मगच सही करावी. मी ते केले नाही, आणि माझे दोन दिवस त्यातच गेले.

तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला, तेव्हा एकदम उलट टोकाचे उत्तर आले. हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला लहान रेडिएटर, चोंदला आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस लागतील आणि १९,००० रुपये खर्च येईल. कोणत्या तपासणीवरून हे ठरवले, असे मी तीनदा विचारले. उत्तर मिळाले नाही, म्हणून गाडी घेऊन निघून आले. त्या निर्णयाचे समाधान मला आजही आहे.

हीटर कोअर चोंदला आहे का, हे डॅशबोर्ड न उघडता कळते. बॉनेटच्या मागच्या बाजूने इंजिनचे गरम पाणी, म्हणजे कूलंट, नेणारे दोन रबरी पाइप केबिनमध्ये जातात. गाडी चालवून आल्याबरोबर, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात दूर ठेवून, ते दोन्ही जपून चाचपावेत. एक कढत आणि दुसरा गार असेल तर पाणी कोअरमध्ये अडते आहे किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कढत असूनही हवा गार येत असेल तर गरम-गार हवा वळवणारी आतली झडप फिरत नाही. दोन्ही गार किंवा जेमतेम कोमट असतील तर कूलंट कमी आहे, पाइपांत हवा अडकली आहे किंवा मुळात इंजिनच तापत नाही. माझे दोन्ही पाइप कोमट होते आणि कूलंटची पातळी बरोबर होती.

माझ्या मावसभावाने त्याचा स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून इंजिनचे आकडे दाखवणारे यंत्र, दिला, आणि रात्री साडेअकराला आम्ही मुलुंडहून घाटकोपरपर्यंत गेलो. सत्तरच्या वेगात कूलंटचे तापमान ६१, ६२, ६३ असे रेंगाळत राहिले. घाटकोपरला गाडी कडेला घेऊन इंजिन चालू ठेवले, तर काही मिनिटांत आकडा ८४ वर गेला. धावत्या गाडीतही ते नव्वदच्या आसपास राहायला हवे होते. थर्मोस्टॅट नावाची झडप साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडते आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडी अडकली असेल तर समोरून येणारा वारा इंजिनला तापूच देत नाही, आणि गाडी थांबली की वारा थांबतो.

भांडुपच्या एका गॅरेजमधल्या वयस्कर मेकॅनिककाकांनी दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅटचे झाकण उघडले आणि मला जवळ बोलावले. “ताई, बघा, आत काहीच नाही. कुणीतरी काढून टाकलाय.” तेव्हा मला चार वर्षांपूर्वीची मे महिन्यातली ती दुपार आठवली : सायनला गाडी तापून वाफ निघाली होती आणि रस्त्याकडेच्या एका गॅरेजने तासाभरात ‘सगळे ठीक’ करून दिले होते. आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, असा समज अनेक गॅरेजांत आहे. तो चुकीचा आहे. थंड राहणारे इंजिन पेट्रोल जास्त पिते. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी माझी गाडी बारावर का आली होती, याचे उत्तरही त्या रिकाम्या जागेत होते.

काकांनी कुर्ल्याहून नवा थर्मोस्टॅट मागवला. बसवण्याआधी त्यांनी तो चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. मधली पितळी चकती हळूहळू उचलली गेली, आणि पाण्याबाहेर काढल्यावर तशीच हळूहळू मिटली. गॅस्केट, कूलंट आणि मजुरी धरून २,३०० रुपये झाले. त्या रात्री विक्रोळी येईपर्यंत काटा मध्यावर आला, स्कॅनरवर ८९ दिसले आणि हीटर इतका तापला की काच खाली करावी लागली. तेच आकडे आणि भांडुपचे बिल दाखवून मी सर्व्हिस सेंटरकडून तपासणीचे शुल्क परत घेतले.

एक गोष्ट सांगायची राहिली. नवे कूलंट भरताना गाडीचे तोंड चढावर ठेवावे आणि हीटरचे बटण पूर्ण गरमवर असावे, म्हणजे पाइपांतली हवा निघून जाते. नंतर दोन दिवस इंजिन पूर्ण थंड असतानाच पातळी पाहावी. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. माझ्या गाडीत पातळी बोटभर उतरली होती. तेवढे कूलंट घातले, त्यानंतर ती उतरलेली नाही.