नकाशावरचा हिरवा ठिपका

आज शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या उद्यान आराखड्याच्या बैठकीला जाऊन आले. भिंतीवर भला मोठा नकाशा, त्यावर हिरवे ठिपके. निम्म्या ठिकाणी सध्या नुसता राडारोडा पडलाय. चर्चा मात्र कारंजी आणि जॉगिंग ट्रॅकचीच! शेवटी मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, "बाकांना पाठ द्या, आणि स्वच्छतागृहाला कुलूप लावू नका."

न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कसाठी जागा घ्यायचा कायदा १८५३ मध्ये झाला, तेव्हा दाट वस्ती तिथवर पोचलीही नव्हती. (तिथं राहणाऱ्यांना उठवलं, हेही खरंच.) आज तिथं ८४३ एकर मोकळी जागा आहे.

निघताना नकाशा जवळून पाहिला. आमच्या घराजवळच्या ठिपक्यावर कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, "पार्किंग?"