टाकी केवढी घ्यावी?

घनाकृती टाकीची प्रत्येक बाजू दुप्पट केली की पत्रा चौपट लागतो, पाणी मात्र आठपट मावते. मोठ्या कारखान्याचा माल स्वस्त का पडतो, याचे निम्मे उत्तर या पत्र्यातच आहे. रसायन उद्योगातल्या अभियंत्यांचा तर ठोकताळाच आहे: क्षमता दुप्पट, तर खर्च २ चा ०.६ वा घात, म्हणजे साधारण दीडपट. पण टाकी उंच होत गेली की तळाशी दाब वाढतो, पत्रा जाड घ्यावा लागतो आणि वाचवलेले तिथेच मुरते.

उरलेले उत्तर यंत्रांच्या जोडीत. एक यंत्र तासाला ३० डबे भरते, दुसरे ४० झाकणे लावते. दोन्ही एकेक घेतली तर झाकणवाले पाव वेळ नुसतेच उभे. भरणारी ४ आणि झाकणाची ३ घेतली की १२० वर हिशेब जुळतो. सरासरी खर्च, म्हणजे दर डब्यामागचा खर्च, जिथे उतरायचा थांबतो, ते सर्वांत लहान उत्पादन म्हणजे किमान कार्यक्षम आकारमान. यंत्रांपुरते बोलायचे तर इथे १२०. (४० ऐवजी ४१ चे यंत्र आणले तर लसावि थेट १,२३०! तेवढ्यासाठी कोणी कारखाना दसपट करत नाही. एखादे यंत्र थोडे रिकामे राहू देतात.)

हा सगळा हिशेब दीर्घकाळातला, आणि हा दीर्घकाळ कॅलेंडरात सापडत नाही. शेड, यंत्रे, माणसे यांतले काहीच पक्के झालेले नाही, ती अवस्था म्हणजे दीर्घकाळ. काँक्रीट ओतले की अल्पकाळ सुरू. कागदावर प्रत्येक संभाव्य कारखान्याचा अल्पकालीन सरासरी खर्चाचा वक्र काढायचा आणि सगळ्यांना खालून टेकणारी रेघ ओढायची: तोच दीर्घकालीन सरासरी खर्च.

इथे भलेभले चकतात. अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९३१ च्या लेखात ही रेघ प्रत्येक वक्राच्या तळातून न्यायला सांगितली. आकृती काढणारे वाँग गणिती होते. त्यांचा आक्षेप वायनर यांना कळलाच नाही. पुढे चूक वायनर यांनी कबूल केली. रेघ उतरती असताना लहान कारखाना त्याच्या तळाशी चालवण्यापेक्षा किंचित मोठा कारखाना जरा कमी चालवणे स्वस्त पडते. म्हणून ती वक्राला तळाच्या डावीकडे टेकते, चढताना उजवीकडे. तळाशी गाठ पडते ती फक्त रेघेच्या स्वतःच्या नीचतम जागी.

आणि चढ येतो माणसांमुळे. दहा जणांत ४५ जोड्या, शंभरांत ४,९५०. माणसे दसपट, निरोपांच्या वाटा ११० पट. मग देखरेख करणाऱ्यांवर देखरेख करणारे नेमावे लागतात, आणि त्यांचा पगारही त्याच डब्यांवर बसतो.