चिखल कुठपर्यंत चढला होता? : कॅनडात जुनी क्वॉड बाइक घेताना

काशीद किंवा अलिबागच्या वाळूत पर्यटकांना फेरी मारून आणणारी, चार जाड टायरांची उघडी गाडी ठाण्यातील बहुतेकांनी पाहिलेली असते. त्यामुळे मी क्वॉड बाइक घेण्याच्या विचारात आहे असे घरी कळवले, तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर तीच आली. इथे ओंटारिओमध्ये या गाडीला रोजचे काम असते. लोक तिच्यावरून लाकडे ओढतात, हिवाळ्यात पुढे फाळ लावून अंगणातला बर्फ ढकलतात आणि उरलेल्या दिवसांत जंगलवाटांवर हिंडतात. मी राहते त्या पीटरबरोच्या उत्तरेला आणि पूर्वेला तळी, जंगल आणि खडकांचा प्रदेश सुरू होतो. बॅनक्रॉफ्टच्या बाजूला हेस्टिंग्ज हेरिटेज ट्रेलसारखे, जुन्या लोहमार्गाचे रूळ काढून झालेले लांबलचक सपाट मार्ग आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला खऱ्या कच्च्या वाटा आहेत, ज्यांवर बीव्हरने, म्हणजे फांद्या-चिखलाचे बांध घालणाऱ्या इथल्या प्राण्याने, ओढ्यावर बांध घातला की कालची कोरडी वाट आज गुडघाभर पाण्यात जाते. एका मैत्रिणीच्या गाडीवर हात बसल्यानंतर स्वतःची गाडी घ्यावी असे ठरले, आणि मध्यम आकाराची, चारही चाकांना ओढ देणारी नवी गाडी दहा हजार डॉलरच्या आसपास जाते हे कळल्यावर ती जुनीच घ्यावी हेही ठरले.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत इंजिन किती सीसीचे, गाडी किती किलोमीटर चाललेली आणि प्लास्टिक किती चकचकीत, एवढेच ठळकपणे सांगितलेले असते. मी त्या जाहिराती मामाला पाठवत असे. त्याने ठाण्यात खोपटला अनेक वर्षे गॅरेज चालवले; आता तो निवृत्त आहे, परंतु फोनवर गाडीचा फोटो आला की दोन बोटांनी मोठा करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. साडेनऊ तासांच्या फरकामुळे माझ्या सकाळी त्याची संध्याकाळ असते, आणि आमची चर्चा बहुतेक त्याच वेळी होई. पहिल्याच जाहिरातीवर त्याचा प्रश्न आला, "अगं, किलोमीटर काय सांगतेस? पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते विचार." २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्या भागातील कितीतरी गाड्या बुडाल्या, त्या धुऊन-पुसून पुढे विक्रीला येत असत, कार्पेट उचलून, सीटखालचे बोल्ट पाहून अशा गाड्या ओळखणे हा त्याचा त्या काळातला नित्याचा उद्योग होता. कॅनडातील क्वॉडला हीच कसोटी लावायची असते, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

पाण्याचा आणि चिखलाचा सर्वात खरा साक्षीदार म्हणजे एअर बॉक्स, इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरचा डबा. सीट काढली की खाली प्लास्टिकचा डबा दिसतो. क्लिपा उघडून झाकण काढावे, फिल्टर बाहेर घ्यावा आणि डब्याच्या तळाच्या कोपऱ्यांतून बोट फिरवावे. एरवी तिथे थोडी धूळ आणि फिल्टरच्या तेलाचा ओशटपणा असतो. गाडी खोल पाण्यात गेलेली असेल तर कोपऱ्यात वाळलेल्या बारीक गाळाचा थर सापडतो आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीची फिकट रेघ उमटलेली असते. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत गाळाचा कण दिसला तर पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही. मी पाहिलेल्या एका मोठ्या, आठशेच्या वरच्या सीसीच्या गाडीत नेमके हेच होते. बाहेरून ती नव्यासारखी होती. मात्र हवा आत घेणारी नळी हँडलच्या उंचीपर्यंत वर आणलेली होती आणि मूळच्या टायरांच्या जागी खोल खाचांचे, बरेच मोठे टायर चढवलेले होते. विक्रेत्याने ही सर्व भर म्हणून किमतीत धरली होती. वस्तुतः अशी नळी कोणी हौसेने वर आणत नाही, ती दलदलीत घुसण्यासाठीच आणली जाते, आणि मोठ्या टायरांचा सारा ताण चाकांच्या एक्सलवर आणि इंजिनाची ओढ चाकांकडे नेणाऱ्या रबरी बेल्टवर येतो. मामाने फोटो पाहून एवढेच लिहिले, "ही धुतलेली आहे, ठेवलेली नाही."

त्यानंतर तेल. इंजिनाच्या तेलाची पट्टी सर्वच जण ओढून पाहतात, पण पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा, बूच उघडून पाहण्याचा आग्रह फार थोडे धरतात. आतले तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर सीलमधून पाणी आत गेलेले आहे. विक्रेत्याने बूच उघडू दिला नाही, तर तेही एक उत्तरच समजावे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे असते; म्हणून मी येण्याआधी गाडी सुरू करू नये असे आधी कळवत असे आणि पोहोचताच हात इंजिनाच्या जवळ नेऊन खात्री करून घेत असे.

किलोमीटरचा आकडा अगदीच निरुपयोगी नाही, मात्र तो तासांच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा लागतो. अनेक गाड्यांच्या मीटरवर इंजिन किती तास चालले हेही नोंदलेले असते. ४,००० किलोमीटर आणि २५० तास म्हणजे ताशी १६ किलोमीटरची सरासरी. ही जंगलवाटेवरची साधी, निवांत चाल आहे. याउलट १,२०० किलोमीटर आणि ३०० तास असतील, तर ताशी चारच किलोमीटर पडतात आणि ती गाडी बहुधा बर्फ ढकलण्यात किंवा चिखलात रुतून धापा टाकण्यात झिजलेली असते. जाहिरातीत ही दुसरी गाडी "कमी चाललेली" म्हणून मिरवते.

पुढचा भाग हाताने तपासावा. पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवले की चाकाच्या बॉल जॉइंट आणि बेअरिंगमधला खेळ, म्हणजे सैलपणा, कळतो, डावी-उजवीकडे हलवले की हँडलकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा. एक्सलवरचे रबरी बूट फाटलेले असतील तर आत माती गेलेली असते, आणि हँडल पूर्ण वळवून हळू चालवल्यास कटकट असा आवाज येतो. फ्रेमच्या जोडांवर ताजा काळा रंग दिसला तर त्याखाली काय झाकले आहे ते विचारावे.

आता सीसीबद्दल. नवख्याला मोठ्या इंजिनाचा मोह होणे साहजिक आहे, पण इथे खरा प्रश्न वजनाचा असतो. मोठ्या गाड्या साडेतीनशे किलोच्याही पुढे जातात. मोटारसायकल कलंडली तर आपण बहुधा बाजूला पडतो. क्वॉड चढावर मागे किंवा उतारावर आडवी कलंडली तर ती अंगावर येऊ शकते, आणि वळताना शरीराचा भार आतल्या बाजूला टाकण्याची सवय लागायला वेळ लागतो. याच कारणाने जुन्या तीनचाकींच्या वाटेला जाऊ नये. होंडाने १९७० मध्ये आणलेल्या या गाड्या अजून कोणाच्या तरी कोठारातून स्वस्तात निघतात, पण त्या सहज कलंडत असल्यामुळेच १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमधील समझोत्याने त्यांची विक्री थांबली.

अखेरीस मी होंडाची रँचर ४२० घेतली, पायाने गिअर टाकण्याची. माझी गाडी फ्युएल इंजेक्शनवर आहे; त्यामुळे हिवाळाभर पेट्रोल साचून कार्बोरेटर चिकटण्याची कटकट राहत नाही. तिला क्लचचा लिव्हर नाही, आपल्याकडच्या हिरो होंडा स्ट्रीटलाही तो नव्हता, म्हणून मला पहिल्या दिवशीच ती ओळखीची वाटली. मुख्य म्हणजे तिच्यात रबरी बेल्ट नाही. बेल्टवर चालणाऱ्या गाड्या हाताळायला सोप्या असतात हे खरे, परंतु बेल्टच्या पेटीत पाणी शिरले की बेल्ट घसरतो आणि इंजिन ओरडूनही गाडी जागची हलत नाही. रँचरला लो रेंज, म्हणजे जड ओढीसाठीची वेगळी संथ गिअरश्रेणी, नाही. मात्र तिचा पहिला गिअर इतका संथ आहे की मला आजवर तिची उणीव भासलेली नाही. मागच्या बाजूला मात्र ड्रम ब्रेक आहे आणि त्याचे सील गेले की आत चिखलपाणी साचते. मामाच्या सांगण्यावरून मी तो ब्रेक एकटाच दाबून पाहिला. तो मऊ आणि खरखरता निघाला, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घेता आला.

कागदपत्रांत फार नवल नाही. फ्रेमवरचा क्रमांक मालकीच्या कागदाशी जुळवावा, गाडी चोरीची नाही हे पोलिसांच्या सार्वजनिक संकेतस्थळावर त्याच क्रमांकाने पाहावे आणि तिच्यावर कोणाचे कर्ज शिल्लक नाही याचीही नोंद तपासावी. ओंटारिओत खासगी व्यवहारातून घेतलेल्या गाडीवरही १३ टक्के विक्रीकर भरावा लागतो, हे घासाघीस करतानाच ध्यानात ठेवावे. शिवाय नोंदणी, नंबरप्लेट आणि स्वतःच्या जमिनीबाहेर चालवायची असल्यास विमा हवाच. हेल्मेट आणि त्या-त्या मार्गाचा पास यांचा खर्च वेगळा.

गाडी घरी आल्यावर सर्व तेले बदलली आणि मागचा ड्रम उघडून सील नवे घातले. ड्रममधून निघालेल्या राखाडी चिखलाचा फोटो खोपटला गेला, तेव्हा मामाने तो मोठा करून पाहिला आणि विचारले, "पुढच्या डिस्कचे पॅड केव्हा काढतेस?"