बाळ जेवला का?

मी आहारतज्ज्ञ आहे. मिरजेला दवाखान्यात बसते आणि आठवड्यातून दोन दिवस सांगली, मिरज, कुपवाड या भागात घरी जाऊन पेशंट बघते. हा अनुभव सांगलीतल्या गावभागातल्या एका काकूंचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत; त्या दुपारी जे बघितलं ते मात्र जसंच्या तसं लिहिते आहे.

काकू ७८ वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. काका गेलेले, मुलगा-सून पुण्यात. दिवसभर सांभाळायला एक मावशी, रात्री सोबतीला पुतणी. मुलगा आईची मनापासून काळजी करणारा, जमेल त्या शनिवार-रविवारी येणारा. दिवाळीत त्यानं घरात एक यंत्र बसवलं होतं. भिंतीवरचा छोटासा डबा. ठरलेल्या वेळी त्यातून मुलाच्याच आवाजात आठवण यायची, तांबडा दिवा लुकलुकायचा, काकूंनी बटण दाबलं की दिवा विझायचा आणि पुण्यात मुलाच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटायची. नाश्ता, गोळ्या, दुपारचं जेवण, चहा, रात्रीचं जेवण. सगळ्या खुणा हिरव्या.

आणि वजन? दिवाळीत ४८.५ किलो, मार्चअखेर ४३. साडेपाच किलो म्हणजे ११ टक्क्यांच्या वर. सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं की आम्ही ती तीव्र घट धरतो. पोटरीचा घेर मोजला तर २९ सेंटिमीटर. वयस्कर माणसांत हा घेर ३१ च्या खाली गेला की स्नायू झिजताहेत असं समजायचं. वजनकाटा नसेल तिथं ही साधी टेप फार कामाला येते.

डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. थायरॉइड ठीक, साखर ठीक, लघवीत जंतुसंसर्ग नाही. बी-१२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं चालू केली होती. आठवणीसाठीच्या गोळीनं कधी कधी भूक मरते म्हणून तिचा डोसही कमी करून बघितला. फरक नाही. मुलगा फोनवर कळवळून म्हणायचा, "मॅडम, आई रोज वेळेवर जेवतेय हो. मी स्वतः बघतो. आणि मी असतो तेव्हा तर माझ्याबरोबर पोटभर जेवते." स्क्रीनशॉट पाठवायचा. महिनाभराची हिरवी रांग.

पहिल्या भेटीत मीही नेहमीचंच केलं होतं. अर्धा-पाऊण तास बसले, काय खातात ते विचारून लिहून घेतलं, तूप वाढवा, दूध वाढवा सांगितलं. पुढच्या वजनात आणखी अर्धा किलो उतरलेला. तेव्हा ठरवलं की दुसरं काहीही न विचारता एक जेवण अखंड बघायचं.

साडेअकराला पोचले. "तू कुणाची गं?" काकूंनी विचारलं. मी माहेरचं आडनाव सांगितलं. त्या खूश झाल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या. हाताची कातडी सैल, अंगठीला दोऱ्याचे वेढे दिलेले, नाहीतर निसटायची.

साडेबाराला डबा बोलला. "आई, साडेबारा वाजले. चल, जेवायला बस."

काकूंचा चेहरा उजळला. "आला वाटतं," म्हणत उठल्या. मावशींनी शिकवल्याप्रमाणे आधी बटण दाबलं. दिवा विझला. पुण्यात हिरवी खूण उमटली असणार. मग त्या ओसरीवर गेल्या, दाराची कडी काढली, बोळात दोन्हीकडे बघितलं. आत येऊन तांब्या भरला. खुंटीवरचा पंचा काढून हातावर टाकला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "हात-पाय धुऊन ये रे आधी!" मावशींनी ताट वाढलं होतं. काकू ताटासमोर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून थांबल्या.

मी म्हटलं, "काकू, घ्या ना. गार होईल."

"बाळ यायचाय अजून," त्या म्हणाल्या. अशा सुरात, की वळण नसलेल्या पोरीला समजावून सांगावं. "शाळेतनं दमून येतो."

मावशी हळूच माझ्या कानाशी लागल्या. "रोजचं असंच हाय बगा, ताई. वाट बघून बघून उठत्यात. दोन वाजता इचारलं तर म्हंत्यात, जेवले की मी. मला वाटलं, भूकच न्हाई त्यास्नी."

माझ्या पोटात खड्डा पडला. माझी आजी आठवली. सगळ्यांची पानं उठल्यावर, पातेल्यात काय उरलंय ते बघून अडीच वाजता जेवायला बसणारी. काकूही जन्मभर शेवटी जेवल्या होत्या. आजारानं त्यांच्याकडून कालचा दिवस काढून घेतला, मुलाचं लग्न काढून घेतलं, काका गेल्याचं काढून घेतलं. पोरगं जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हे मात्र राहिलं होतं. आणि आम्ही त्याच पोराच्या आवाजात त्यांना दिवसातून तीनदा जेवायला बोलावत होतो. पाच महिने. भूक मेलेलीच नव्हती. शनिवार-रविवारी त्या का जेवायच्या, ते आता कळलं. त्या दिवशी मुलगा खरंच समोर बसलेला असायचा.

मी म्हटलं, "काकू, बाळ जेवला."

"कुठं?"

"ऑफिसात." माझं चुकलंच.

"ऑफिसात? सातवीत आहे तो."

"म्हणजे, शाळेत. डबा खाल्ला त्यानं."

"काय दिलं होतं डब्यात?"

मला सुचेना. मावशींनी मागच्या मागे उत्तर दिलं, "पोळी-भाजी. अन् गुळाची वडी."

"संपवला का सगळा?"

"धुऊन ठेवल्यागत रिकामा आणलाय बगा."

काकूंनी मोठा श्वास सोडला, पदर सावरला आणि ताटाकडे वळल्या.

इथं दुसरी गोष्ट दिसली, आणि ती मी शेजारी मांडी घालून बसले होते म्हणूनच दिसली. ताट स्टीलचं, घासून लख्ख केलेलं. खिडकीतून दुपारचं ऊन नेमकं त्यावर. ताटात भात, भातावर ताक, कडेला लोणच्याची फोड. काकूंचा हात भातावरून फिरून लोणच्यावर जात होता. बोट लोणच्याला लावायच्या, चाखायच्या, पुन्हा चाचपडायच्या. पांढरा भात, पांढरं ताक, चकाकतं ताट. भात त्यांना दिसतच नव्हता. तांबडी फोड तेवढी दिसत होती. या आजारात डोळे शाबूत असले तरी रंगारंगांतला फरक पकडणं मेंदूला जड जातं. शिकत असताना बोस्टनच्या २००४ सालच्या एका अभ्यासाबद्दल वाचलं होतं. आजार बराच पुढे गेलेल्या नऊ जणांना पांढऱ्याऐवजी गडद लाल भांड्यांतून वाढलं, तर अन्न २५ टक्क्यांनी आणि पातळ पदार्थ ८४ टक्क्यांनी जास्त पोटात गेले. नऊ जण म्हणजे काहीच नाहीत, म्हणून मी ते कधी फार मनावर घेतलं नव्हतं.

घरात गडद ताट नव्हतं. परसात केळ होती. मावशींनी पान कापून आणलं, धुतलं, मी ते काकूंपुढे मांडलं. त्यांनी ते उचललं आणि फिरवून ठेवलं. मी शेंडा उजवीकडे केला होता. त्यांनी तो डावीकडे घेतला. मी भाताचा वाडगा पुढे केला तर माझा हात अडवला. "मीठ आधी."

मीठ वाढलं. "लिंबू." मग चटणी, कोशिंबीर, ओळीनं डावीकडे. कोशिंबीर त्या दिवशी नव्हती, तर ती जागा त्यांनी मोकळी ठेवली. उजवीकडे दोडक्याची भाजी. मग मधे भाताची मूद, वर पिवळं वरण, त्यावर तुपाची धार. आज वार कोणता, हे त्यांना सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं. पान कसं वाढायचं, ते त्यांच्या हातांना कुणी सांगावं लागलं नाही. मुलीला सासर-माहेर समजावं तसं त्या हातांना डावं-उजवं समजत होतं.

मावशी दाराशी उभ्या होत्या. काकूंनी वर बघितलं. "तू का उभी? बस. पान घे." मावशी त्या घरात कायम स्वयंपाकघरात, सगळं आटपल्यावर जेवायच्या. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. त्या समोर पान घेऊन बसल्या. मावशींनी घास घेतला की काकू घास घ्यायच्या. वरणभात संपला. मग ताकभात मागितला. पन्नास मिनिटं लागली. हिरव्या पानावर पांढरं शीत दिसत होतं, ते त्या बोटानं टिपून खात होत्या.

संध्याकाळी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या आवाजानं आई उपाशी राहत होती?" मी म्हटलं, "तुमच्या आवाजानं ती उठून दारापर्यंत जातेय. तोच आवाज तिला पानापर्यंतही नेईल. फक्त शब्द बदला." दुसऱ्या दिवशी त्यानं नवं रेकॉर्डिंग केलं: "आई, मी जेवलो गं. डबा सगळा संपवला. आता तू बस." खोटं बोलायला जीभ वळेना म्हणून ऑफिसच्या कँटीनमध्ये खरंच जेवून मग रेकॉर्ड केलं, असं त्यानं सांगितलं. मागे भांड्यांचा आवाज येतो. मला वाटतं, त्या आवाजाचाही काकूंना धीर येत असेल.

बटणाबद्दल त्यानं यंत्रवाल्या कंपनीला कळवलं. बटण दाबलं म्हणजे सूचना ऐकली एवढंच, जेवल्याची ती खूण नव्हे. त्यांनी नोंद घेतो म्हटलं. तोवर आम्ही आपली सोय केली. बटण मावशी दाबतात, जेवण झाल्यावर, आणि उरलेल्या ताटाचा फोटो पाठवतात. मला त्या फोटोचा उपयोग स्क्रीनशॉटपेक्षा शंभरपट होतो. काय उष्टं राहतंय ते दिसतं.

मग आहाराचं खरं काम सुरू झालं. या वयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं तरी हवीत, म्हणजे काकूंना दिवसाला ४३ ते ५४ ग्रॅमच्या आसपास. चहा, बिस्किटं आणि चार घास पोह्यांवर त्यांना निम्मंही मिळत नव्हतं. पावडरीचे डबे मी आणायला लावले नाहीत. ज्या चवी जिभेला साठ वर्षांच्या ओळखीच्या, त्याच वाढवल्या. वरण दाट. सकाळी दुधातलं नाचणीचं सत्त्व, वर तूप. अकराला शेंगदाण्याचा लाडू, पण दाणे बारीक कुटून, कारण कवळी सैल झालेली. वजन उतरलं की हिरड्याही बसतात आणि कवळी टोचते. ती काकूंनी रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलेली सापडली. दंतवैद्यांकडून बसवून घेतली. चारला मुगाच्या धिरड्याचे बोटभर तुकडे, हातात धरून फिरता फिरता खाता येतील असे. रात्री दुधात कुस्करलेली मऊ भाकरी. एरवीसाठी गडद हिरवी, बिननक्षीची ताटली आणली. नक्षी असली की काकू फुलं उचलायला बघतात. खिडकीला दुपारी पडदा.

गळ्यात घालायच्या जीपीएसच्या लॉकेटचंही असंच झालं होतं. काकू ते काढून फेकायच्या, "हे काय घातलंय मला?" म्हणून. आता तो तुकडा त्यांच्या कमरेच्या बटव्यात असतो, सुपारीच्या कप्प्यात. बटवा त्या झोपेतही सोडत नाहीत, म्हणून चार्जिंग पुतणी आंघोळीच्या वेळेत उरकते.

आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून जास्त माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज आहे. संख्येनं ८८ लाखांच्या घरात. त्यातली किती घरं अशी असतील, जिथं ताट वेळेवर वाढलं जातं आणि तसंच उचललं जातं, याचा विचार मी हल्ली फार करते. नव्या पेशंटकडे आता मी जेवणाच्या वेळेलाच जाते. बाकीच्या भेटी त्यामुळे कमी होतात, होऊ देत.

जुलैत काकूंचं वजन ४५.२ भरलं. अंगठीचे दोरे अजून निघाले नाहीत, पण एक वेढा कमी झालाय. पावसात दोन दिवस वीज नव्हती, डबा मुका. मावशींनीच साडेबाराला येऊन सांगितलं, "काकू, बाळ जेवला." "मग तू का थांबलीस?" काकू म्हणाल्या, आणि मावशींसाठी पाट सरकवला.

मागच्या भेटीत मात्र चहा पिताना त्यांना दोनदा ठसका लागला. पातळ पदार्थ गिळताना ठसका लागायला लागला की सावध व्हायचं; घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. तोवर मावशींना सांगून आलेय: पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा घोट, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. गिळण्याचा त्रासही स्पीच थेरपिस्टच तपासतात; येत्या गुरुवारी त्यांना घेऊन साडेबाराला जाणार आहे.