फॅब्रिकपासून हेडेरापर्यंत: 1024 बाइटांचा घाट

परवा पहाटे चारही ऑर्डररवर, म्हणजे व्यवहारांचा क्रम ठरवून त्यांचे ब्लॉक कापणाऱ्या यंत्रांवर, एकाच क्रमांकाच्या ब्लॉकचा हॅश (मजकुराचा ठसा) पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारखा आला. अकरा दिवस ज्यासाठी चाललो होतो ते हेच. झोप अजून भरून निघालेली नाही, त्यामुळे खाली कुठे आवाज चढला असेल तर समजून घ्या. आकडे मात्र दोनदा तपासले आहेत.

आमचं नेटवर्क चार संस्थांचं, हायपरलेजर फॅब्रिक या खासगी ब्लॉकचेनवर. ऑर्डरिंग, म्हणजे क्रम ठरवणं, राफ्ट या पद्धतीवर चालायचं आणि ऑर्डररची यंत्रं दोनच संस्थांकडे होती. राफ्ट एखादा ऑर्डरर बंद पडला तर निभावून नेतं. ऑर्डरर खोटं वागला तर त्याच्याकडे उत्तर नाही. उरलेल्या दोन संस्थांचं म्हणणं रास्त होतं: आमचा व्यवहार आधी आला की नंतर, हे तुमच्या शब्दावर का मानायचं? म्हणून क्रम ठरवण्याचं काम बाहेर, हेडेरा या सार्वजनिक नेटवर्कच्या कन्सेन्सस सर्व्हिसकडे द्यायचं ठरलं. फेब्रुवारी 2020 पासून ही सेवा मेननेटवर, म्हणजे खऱ्या नेटवर्कवर, आहे. टॉपिक (मेसेजची सामायिक वही) उघडायचा, त्यावर मेसेज टाकायचा. प्रत्येक मेसेजला नॅनोसेकंदापर्यंतची कन्सेन्सस वेळ (नेटवर्कने मिळून ठरवलेली), अनुक्रमांक आणि आधीच्या सगळ्या मेसेजना बांधून घेणारा रनिंग हॅश मिळतो. खाली लीमन बेअर्ड यांची हॅशग्राफ ही एकमताची पद्धत आहे, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा कमी नोड (नेटवर्कची यंत्रं) बिघडले किंवा फितूर झाले तरी क्रम बदलत नाही.

फॅब्रिकचं नेटवर्क तुम्ही स्वतः उभं केलंय, चॅनेलच्या (नेटवर्कातल्या स्वतंत्र खातेवहीच्या) कॉन्फिगरेशनचा अपडेट हाताने केलाय, गो ही भाषा वाचता येते आणि जीआरपीसी जोडणीचा तुटलेला प्रवाह पुन्हा जोडता येतो, हे मी धरून चाललोय. यातलं एक जरी नसेल तर आधी ते करून या. वाटेत शिकायला जागा नाही.

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या नेटवर्कवर, खातं, टॉपिक, पहिला मेसेज, मिरर नोडवरून, म्हणजे मेसेजची प्रत ठेवणाऱ्या यंत्रावरून, तोच मेसेज परत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच लक्षात ठेवा की टेस्टनेट अधूनमधून पूर्ण पुसलं जातं आणि तिथली नाणी फुकट असतात. खर्च कळतच नाही, आणि आमची फसगत नेमकी तिथेच झाली.

एका सल्लागाराने सुरुवातीला आम्हाला एका ओळीचा हिशेब दिला होता: एक व्यवहार म्हणजे एक मेसेज, एक मेसेज म्हणजे 0.0001 डॉलर. आमचे दिवसभराचे सरासरी व्यवहार सेकंदाला दहा, म्हणजे दिवसाला 8,64,000. त्याच्या हिशेबाने रोजचे 86 डॉलर 40 सेंट. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

टॉपिकवरचा एक मेसेज 1024 बाइटांपेक्षा मोठा असू शकत नाही. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. फॅब्रिकचा व्यवहार त्यात मावत नाही, कारण पाठवणाऱ्याचं प्रमाणपत्र, प्रत्येक एंडॉर्सरचं (व्यवहाराला मान्यता देणाऱ्या यंत्राचं) प्रमाणपत्र, सह्या आणि वाचन-लेखनाचा संच (कोणत्या नोंदी वाचल्या-बदलल्या त्याची यादी) हे सगळं त्याच लिफाफ्यात असतं. 2018 च्या फॅब्रिकवरच्या शोधनिबंधात साध्या नाण्याचा व्यवहारसुद्धा 3 ते 4 किलोबाइटांच्या घरात होता. आमचा सरासरी 4,300 बाइट निघाला, म्हणजे पाच तुकडे. प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र व्यवहार, स्वतंत्र शुल्क. 86 चे 432 डॉलर झाले, रोजचे. त्यातही 2025 मध्ये हेच शुल्क जानेवारी 2026 पासून 0.0008 डॉलर करण्याचं जाहीर झालं. त्या दराने आमचा आकडा दिवसाला 3,456 डॉलर होतो. ज्याने कुणी तुम्हाला ‘प्रति व्यवहार’ दर सांगितला असेल त्याला विचारा: किती बाइटांचा व्यवहार? उत्तर आलं नाही तर तो हिशेब बाजूला ठेवा.

त्यावर कुलूप लावण्याचा खर्च वेगळा. टॉपिकवरचा मजकूर कुणालाही आणि कायमचा वाचता येतो, त्यामुळे लिफाफा एन्क्रिप्ट करूनच पाठवावा लागतो. एईएस-जीसीएम या कुलपाने प्रत्येक मेसेजमागे 28 बाइट वाढतात. 4,096 बाइटांचा लिफाफा चार तुकड्यांत नेमका बसतो आणि या 28 बाइटांसाठी पाचवा तुकडा फाडावा लागतो. आधी मजकूर दाबून लहान करा, मग कुलूप लावा. कुलूप लावलेला मजकूर दाबला जात नाही. प्रमाणपत्रांत पुनरावृत्ती भरपूर असल्याने आमच्या बऱ्याच लिफाफ्यांचे पाचाचे तीन तुकडे झाले. हा बदल पहिल्याच दिवशी करा. आम्ही सहाव्या दिवशी केला.

आता खरा घाट. पाच दिवस गेले ते इथे.

तयार जोड होता. हायपरलेजर लॅब्ज या प्रायोगिक प्रकल्पांच्या संग्रहात फॅब्रिकचा ऑर्डरर हेडेराला जोडण्याचं काम पूर्वी झालेलं आहे. आमची आवृत्ती वेगळी असल्याने तो नजरेसमोर ठेवून आम्ही आमचा जोड बांधला. कल्पना सरळ आहे: प्रत्येक ऑर्डरर आपल्याकडे आलेला व्यवहार टॉपिकवर टाकतो, मग सगळे ऑर्डरर टॉपिक वाचतात आणि त्याच क्रमाने ब्लॉक कापतात. सगळ्यांनी तेच वाचलं तर सगळ्यांचे ब्लॉक तेच. पण टॉपिक ओळखतो तो तुकड्यांचा क्रम, तुमच्या व्यवहारांचा नव्हे. चार ऑर्डरर एकाच वेळी लिहीत असले की एका व्यवहाराचा पहिला तुकडा, मग दुसऱ्याचा तिसरा, मग पहिल्याचा दुसरा, असे सगळे एकमेकांत मिसळून येतात. एकाच व्यवहाराचे तुकडेसुद्धा 1, 3, 2 असे पोचू शकतात. सगळे पोचतीलच याची हमी नेटवर्क देत नाही. जोडायचं काम तुमचं.

तेही जमलं. मग सातव्या रात्री एक ऑर्डरर रीस्टार्ट केला आणि त्याचे पुढचे ब्लॉक बाकीच्या तिघांपेक्षा वेगळे निघाले. दोन रात्री आम्ही सह्या, प्रमाणपत्रं, घड्याळं तपासत बसलो. चूक आमच्याच कोडमध्ये होती. ऑर्डरर परत उठल्यावर शेवटच्या ब्लॉकमध्ये नोंदवलेल्या कन्सेन्सस वेळेपासून पुढे वाचत होता. पण त्या वेळेआधी एका अर्धवट व्यवहाराचे दोन तुकडे येऊन गेले होते. बाकी तिघांच्या स्मृतीत ते होते, याच्या नव्हते. उरलेले तीन तुकडे आले तेव्हा तिघांनी व्यवहार पूर्ण केला आणि याने टाकून दिला.

उपाय लिहून ठेवा. प्रत्येक ब्लॉकच्या मेटाडेटात (सोबतच्या नोंदीत) दोन खुणा हव्यात: कुठपर्यंत वाचलं आणि सगळ्यात जुना अपुरा तुकडा कुठे आहे. उठल्यावर दुसऱ्या खुणेपासून वाचायला सुरुवात करायची आणि पहिल्या खुणेपर्यंत पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा ब्लॉकमध्ये घालायचे नाहीत. अनाथ तुकडे कधी फेकायचे हेही यंत्राच्या घड्याळावर ठरवू नका. ‘तीस सेकंद झाली’ हे प्रत्येक ऑर्डररला वेगळ्या क्षणी वाटतं. टॉपिकचा अनुक्रमांक एवढ्यांनी पुढे गेला की फेकायचं, असा नियम करा. तो सगळीकडे एकाच जागी लागू पडतो.

ब्लॉक कापण्याचंही तसंच. फॅब्रिकच्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये ‘बॅच टाइमआउट’ (ब्लॉक भरायची वाट पाहण्याची मुदत) दोन सेकंदांचा असतो. स्थानिक टायमरवर ब्लॉक कापला तर चार ऑर्डररचे चार वेगळे ब्लॉक होतील. म्हणून फॅब्रिकच्या जुन्या, काफ्कावर चालणाऱ्या ऑर्डररप्रमाणे ‘आता कापा’ हा निरोपही टॉपिकमधूनच पाठवायचा. त्या ब्लॉकसाठी आलेला पहिला निरोप मानायचा, पुढचे सोडून द्यायचे. तो निरोपही मेसेजच, त्यालाही पैसे. टॉपिकवर टाकलेला मेसेज मिररवरून परत दिसायला आमच्याकडे तीन ते सात सेकंद लागत होते, त्यामुळे दोन सेकंदांच्या टायमरवर चौघेही एकमेकांचा निरोप दिसण्याआधीच आपला पाठवून मोकळे व्हायचे. दिवसाला 43,200 च्या जागी 1,72,800 निरोप. आता एक ऑर्डरर आधी पाठवतो आणि बाकीचे दहा सेकंद थांबून, निरोप आला नसेल तरच पाठवतात.

उरलेलं भरभर सांगतो.

सबमिट की (लिहिण्याची परवानगी देणारी किल्ली) न लावता टॉपिक उघडलात तर जगातला कुणीही पैसे भरून त्यावर लिहू शकतो. लावा. ॲडमिन की, म्हणजे टॉपिक बदलण्या-मिटवण्याची किल्ली, एका संस्थेच्या हातात देऊ नका. चारांपैकी तिघांच्या सह्या लागतील अशी थ्रेशोल्ड की करा, नाहीतर एकटी संस्था टॉपिक मिटवू शकेल.

यंत्राचं घड्याळ पुढे असेल तर ‘इनव्हॅलिड ट्रान्झॅक्शन स्टार्ट’ म्हणून मेसेज परत येतो. व्यवहार सहसा दोन मिनिटंच वैध असतो, जास्तीत जास्त तीन. घड्याळं एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या सेवेला बांधा आणि पावती लगेच उचला, तीही साधारण तीन मिनिटंच राहते.

शुल्क डॉलरमध्ये ठरतं, कापलं जातं एचबार या हेडेराच्या नाण्यात. एचबारचा भाव पडला की तेवढ्याच मेसेजना जास्त नाणी जातात आणि खातं आटतं. शिल्लक किती दिवस पुरेल यावर गजर लावा.

कन्सेन्सस नोड जुने मेसेज वाचून दाखवत नाहीत, ते मिरर नोडचं काम. आम्ही एका पुरवठादाराचा मिरर घेतला आणि दोनदा प्रवाह काहीही न कळवता थांबला. अनुक्रमांकात खंड पडला का हे तपासत होतो म्हणूनच कळलं. किमान दोन वेगळ्या मिररवरून वाचा, रनिंग हॅश स्वतः पुन्हा काढून ताडून पाहा. एकाच मिररवर विसंबलात तर राफ्ट सोडून नवा मालक केला, एवढंच झालं.

आणि मार्च 2023. हेडेराच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (नेटवर्कवर चालणारे प्रोग्राम) सेवेतल्या त्रुटीचा गैरफायदा घेतला गेला तेव्हा मेननेटचे प्रॉक्सी बंद करून बाहेरच्यांचा प्रवेश थांबवला होता, दीड दिवसाच्या आसपास. ज्या खासगी नेटवर्कचं ऑर्डरिंग पूर्णपणे तिथून होतं, त्याचा तेवढा काळ एकही ब्लॉक कापला जात नाही. तुमच्या संस्थांना हे आधी लेखी कळवा.

तर जावं का? सगळं सामान घेऊन जाऊ नका. संपूर्ण ऑर्डरिंग बाहेर देणं आम्ही करून दाखवलं, ते चालतं, त्या पहाटे अंगावर काटा आला होता. तरीही गर्दीच्या चॅनेलसाठी मी हे पुन्हा करणार नाही. फॅब्रिक 3.0 मध्ये, 2024 पासून, स्मार्टबीएफटी हे ऑर्डरिंग आहे. चार संस्थांचे चार ऑर्डरर असतील तर त्यातला एक फितूर झाला तरी ते निभावतं. क्रम आत ठरवा आणि बाहेर फक्त ब्लॉकचा हॅश पाठवा. मिनिटाला एक पाठवला तर दिवसाचे 1,440 मेसेज, नव्या दरानेही सव्वा डॉलरच्या आत. एक मात्र समजून घ्या: असा हॅश एवढंच सिद्ध करतो की ब्लॉक त्या वेळी होता आणि नंतर बदलला नाही. कापण्याआधी ऑर्डररने कुणाला मागे ढकललं का, ते तो सांगत नाही. ज्या चॅनेलवर भांडणच क्रमाचं आहे आणि व्यवहार दिवसाला काही शेच आहेत, तिथे पूर्ण ऑर्डरिंग बाहेर ठेवा. आम्ही तेच एक चॅनेल ठेवलंय.

हॅश काढताना पूर्ण ब्लॉकचा काढू नका. मेटाडेटात ऑर्डररच्या सह्या असतात, त्या यंत्रागणिक वेगळ्या पडू शकतात आणि मग जुळवाजुळव करत बसावं लागतं. फक्त हेडरचा घ्या: क्रमांक, आधीच्या ब्लॉकचा हॅश आणि डेटाचा हॅश, फॅब्रिक करतं त्याच एएसएन.1 मांडणीत. आम्ही यातही अर्धा दिवस घालवला.