दोन मिनिटांत गुन्द्रुक

नेपाळातल्या पाटणला आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा घरबेटींच्या धाकटीनं आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेतली, बोलण्याची परीक्षा फारच मनावर घेतली होती. घरबेटी म्हणजे घरमालक. बेटीचा काही संबंध नाही. काठमांडूच्या पुतलीसडकला ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपानच्या पाट्याच पाट्या. तिथल्याच एका क्लासला ती जायची आणि संध्याकाळी सरावाला माझ्या स्वयंपाकघरात यायची. माझं इंग्रजी यथातथाच. पण नेपाळीही तोडकंमोडकं असल्यामुळे मला शब्दांचे अर्थ खरोखरच विचारावे लागायचे, आणि परीक्षक व्हायला तेवढी पात्रता पुरली.

परीक्षा सगळी मिळून 11 ते 14 मिनिटांची. गोची मधल्या भागात. हातात कार्ड ठेवतात, विचार करायला 1 मिनिट देतात आणि मग जास्तीत जास्त 2 मिनिटं एकटीनंच बोलायचं. मी कार्ड दिलं : तुमच्याकडच्या एखाद्या पदार्थाविषयी सांगा. बाई लगेच सुटल्या, "माय मदर मेक्स गुन्द्रुक." आणि तिथेच गाडी अडली. आपल्याकडचा शब्द आला तरी बिघडत नाही, पण तो पटकन इंग्रजीत उलगडून दाखवा, असं क्लासात बजावलेलं.

ती उलगडायला लागली. रायोचा, म्हणजे मोहरीच्या जातीच्या भाजीचा, नाहीतर मुळ्याचा पाला घ्यायचा. एखादा दिवस सुकू द्यायचा. मग चेचून बरणीत इतका ठासायचा की आत हवेला जागा उरता कामा नये. आठवडाभरात तो आंबतो. शब्द अडला की ती नेपाळीत घसरायची, तशी घसरली आणि म्हणाली, "अनि घाममा सुकाउने." घामात सुकवायचं? माझी भूक तिथेच मेली. नेपाळीत घाम म्हणजे ऊन, हे कळेपर्यंत मोबाइलचा गजर वाजला. झोल, म्हणजे पातळ रस्सा, व्हायचाच होता, त्यात सोयाबीन पडायचं होतं, आणि कार्डावरचा 'तुम्हाला तो का आवडतो' हा प्रश्न तर दूरच.

"फर्मेंटेड लीफी व्हेजिटेबल म्हण आणि पुढे चल," मी सांगितलं. तिनं असं पाहिलं की मी तिच्या आईला 'एक विवाहित स्त्री' म्हणाले असावे.

मला मात्र हे शब्द कधी अगदी फुकट मिळायचे. वड-पिंपळ शेजारी शेजारी लावलेले, भोवती दगडी ओटा, भारिया, म्हणजे हमाल, तिथे पाठीवरचा डोको, म्हणजे टोपली, टेकवून दम खातो : चौतारी. इंग्रजीत तिनं अर्धं मिनिट घालवलं. मी म्हटलं, अगं, पार! पारावर बसून गप्पा मारणाऱ्यांना आणखी काय सांगायचं? दशैंची, म्हणजे त्यांच्या दसऱ्याची, जमरा तर मी बघताक्षणी ओळखली. अंधारात उगवलेले ते पिवळे जवाचे अंकुर म्हणजे आमच्या घटातलं धान.

पण लिपी एक, म्हणून फार ऐटीत राहू नये. कोदोचा ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, म्हटल्यावर मी कोद्रा समजून मान डोलावत होते, निघाली नाचणी. घरबेटींच्या भावकीत बाळ झालं तेव्हा 'सुतक' ऐकून मी गंभीर चेहरा करून जिन्यात उभी. तिथे सुतक जन्माचं, आपल्या सोयरासारखं. मृत्यूचं ते जुठो. आणि आपण जुठं म्हणजे उष्टं समजतो (तेही त्यांच्याकडे जुठोच). इंग्रजीतून विचारलं असतं तर निदान तोंड गोड करून परतले असते.

महिनाभरात गुन्द्रुक दीड मिनिटावर आलं. रायो गाळलं, बरणी गाळायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं वाजली. कार्ड कसलं आलं, विचारलं. घरातल्या एखाद्या माणसाकडून शिकलेली गोष्ट. म्हणजे पुन्हा आई, पुन्हा बरणी. शिवाय घाबरून तिनं गाळलेलं रायोसुद्धा परत घातलेलं. परीक्षकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मध्येच हात वर करून थँक यू म्हटलं.

"मग? कुठवर आली होतीस?"

ती पायरीवर बसली. "दिदी, गुन्द्रुक त घाममै थियो!"